‘नांदवणे’ ते ‘राहण्याचा हक्क’ : कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रीच्या निवासाचा कायदेशीर प्रश्न

प्रस्तावना

विवाहित स्त्रीच्या घराविषयी बोलताना मराठीत ‘नांदणे’ हे क्रियापद वापरले जाते. मुलगी सासरी नांदते; आणि तिचे बिनसले की ‘तिला नांदवत नाहीत’ असे म्हटले जाते. या दुसऱ्या प्रयोगात कर्ता कोण आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. नांदवणारे सासरचे लोक आणि नांदवली जाणारी ती. ज्या घरात तिने दहा-वीस वर्षे चूल सांभाळली, त्या घरातील तिचे वास्तव्य दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे गृहीत भाषेतच रुजलेले आहे. ‘टाकलेली’ हा शब्दही त्याच गृहीतातून आला आहे.

मारहाण सोसणारी स्त्री घर का सोडत नाही, असा प्रश्न सुशिक्षित वर्तुळात वारंवार विचारला जातो. घर सोडून ती जाणार कोठे, हा त्याला जोडलेला प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. माहेरी भाऊ-भावजयीचा संसार असतो, शहरात खोलीचे भाडे परवडत नाही, आणि पदरी मुले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित अथवा पूर्वी विवाहित असलेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण याच सर्वेक्षणानुसार सुमारे १४ टक्के आहे. या मौनामागे लज्जा व भीती आहेच. परंतु तोंड उघडल्यास डोक्यावरचे छप्पर जाईल, हा व्यवहारी हिशेबही आहे. प्रस्तुत लेखात या छपराच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर व त्याची आजवरची वाटचाल यांचे विवेचन केले आहे.

फौजदारी कायद्याची मर्यादा

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट करण्यात आले. पती व त्याच्या नातलगांकडून होणारी क्रूरता त्यामुळे प्रथमच स्वतंत्र गुन्हा ठरली. (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.) या कलमाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्याने गुन्हेगाराला शिक्षा होऊ शकते, स्त्रीला त्यातून घर मिळत नाही. फिर्याद नोंदविल्याच्या दिवशी रात्री ती कोठे झोपेल, याबाबत दंडविधान मौन बाळगते. पोलीस ठाण्यातून परतलेल्या स्त्रीला दाराला कुलूप लावलेले आढळावे, हा अनुभव अपवादात्मक नव्हता.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा विधवांच्या शिक्षणाइतकाच त्यांच्या आसऱ्याचा प्रश्नही त्यांच्यासमोर होता. पुढे शंभर वर्षांनी परित्यक्तांच्या चळवळीने राज्यात हाच प्रश्न हक्काच्या भाषेत मांडला. आश्रम नको, संसारात वाटा हवा, अशी ती भूमिका होती. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला गेला. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घरावर पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचे शासनाचे धोरणही त्याच दिशेचे. मात्र ज्या घरावर पतीचेच नाव नाही, तेथे पत्नीचे नाव लागणार कसे, हा पेच शिल्लक राहिला.

२००५ चा अधिनियम

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा त्याने हिंसेत अंतर्भाव केला. मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य कलम १७ मध्ये आहे. कौटुंबिक नातेसंबंधातील प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरावर तिची मालकी वा अन्य हितसंबंध असो वा नसो, असे हे कलम सांगते. कायदेशीर प्रक्रियेवाचून तिला बाहेर काढता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट केले आहे. मालकी आणि निवास यांची अशी फारकत करणे ही आपल्या कौटुंबिक कायद्यातील मोठीच घटना होती. सातबाऱ्यावर, नमुना आठवर किंवा भाडेपावतीवर नाव नसलेल्या स्त्रीलाही ‘हे माझे राहते घर आहे’ असे न्यायालयात म्हणता येऊ लागले.

कलम १९ मध्ये या हक्काची साधने दिली आहेत. स्त्रीला बेदखल करण्यास मनाई, हिंसा करणाऱ्या पुरुषाने घराबाहेर पडावे असा आदेश, घर विकण्यास वा गहाण टाकण्यास प्रतिबंध, आणि हे शक्य नसेल तर तशाच दर्जाच्या दुसऱ्या घराची सोय किंवा त्याचे भाडे, असे आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. कलम २३ अन्वये निकड असेल तेथे समोरच्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश देता येतो. अर्ज कोठे करावा याबाबतही कायदा उदार आहे. स्त्री तात्पुरती जेथे राहत असेल तेथील न्यायालयात तो करता येतो. त्यामुळे मुंबईहून सोलापूरला माहेरी आलेल्या स्त्रीला मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

एक बारकावा येथे नोंदविणे आवश्यक आहे, कारण तो अर्ज लिहिताना अनेकदा सुटतो. आदेशभंगासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम ३१ मध्ये आहे; पण तेथील शब्दयोजना ‘संरक्षण आदेश’ व ‘अंतरिम संरक्षण आदेश’ अशी आहे. इतर आदेशांच्या भंगाला, विशेषतः निर्वाहाची रक्कम थकल्यास, ही शिक्षा लागू होते काय, याविषयी उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. म्हणून निवास आदेशाबरोबर कलम १८ खालील संरक्षण आदेशही मागून घेणे शहाणपणाचे ठरते.

सामायिक घर म्हणजे कोणते घर?

कायदा अंमलात येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच १५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात निकाल दिला. तेथे घर सासूच्या नावे होते. पतीच्या मालकीचे, पतीने भाड्याने घेतलेले किंवा पती सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे घर तेवढेच सामायिक घर, असा संकुचित अर्थ द्विसदस्यीय खंडपीठाने लावला. आपल्याकडील घरांची कागदोपत्री स्थिती पाहता या अर्थाने हक्काचा गाभाच पोखरला गेला. गावठाणातील घर सासऱ्याच्या नावे, चाळीतील पागडीची खोली सासूच्या नावे, आणि पतीच्या नावे बहुधा काहीच नाही. नसेल तेथे मुलाला ‘बेदखल’ केल्याची जाहीर नोटीस वृत्तपत्रात देऊन सून घराबाहेर काढण्याची युक्तीही सर्वपरिचित झाली.

ही स्थिती पालटण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी आहुजा प्रकरणात न्या. अशोक भूषण यांच्या नेतृत्वाखालील त्रिसदस्यीय खंडपीठाने बत्रा निकाल रद्दबातल ठरविला. स्त्री जेथे कौटुंबिक नात्याने काहीशा स्थायी स्वरूपात राहिली आहे, ते घर पतीच्या नातलगाच्या मालकीचे असले तरी सामायिक घर ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. पाहुणी म्हणून दोन दिवस राहिलेले घर त्यात येणार नाही. तसेच हा हक्क निरपवाद नाही; वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काशी त्याचा मेळ घालावा लागेल, हेही न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा निवासहक्क परस्पर निष्फळ करता येणार नाही, असेही स्पष्ट झाले. सासू-सासऱ्यांची बाजू सर्वत्र खोटी असते असे मुळीच नाही. म्हणूनच पर्यायी घराची तरतूद अधिक वापरात यावयास हवी, ती येत नाही.

मुंबईतून गेलेल्या हरसोरा प्रकरणात ६ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द व्याख्येतून वगळले गेले व स्त्री नातलगांविरुद्धही दाद मागण्यातील अडथळा दूर झाला. मे २०२२ मध्ये तर प्रत्यक्षात त्या घरात कधी राहू न दिलेल्या स्त्रीचाही हक्क मान्य झाला. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी न्यायालय आदेश देऊ शकते, असेही त्याच निकालात ठरले.

आदेश आणि उंबरठा यांतील अंतर

निकालांनी हक्काचा अर्थ विस्तारला, पण हक्क स्त्रीच्या दारापर्यंत नेण्याचे काम संरक्षण अधिकाऱ्याचे आहे. घटना अहवाल तयार करणे, अर्जास साहाय्य करणे, नोटीस बजावणे, आसरा व वैद्यकीय मदत मिळवून देणे ही त्याची वैधानिक कर्तव्ये होत. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत प्रारंभी हे पद अन्य विभागातील अधिकाऱ्याच्या अतिरिक्त कार्यभाराच्या स्वरूपात राहिले. ज्याच्या टेबलावर निवडणूक, दुष्काळ व अनुदाने यांच्या नस्ती आहेत, त्याच्याकडून तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि साठ दिवसांत निकाल या कायद्याच्या अपेक्षेला साथ मिळणे कठीणच. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला जिल्हा व तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना द्यावे लागले. कायदा लागू होऊन त्या वेळी साडेअठरा वर्षे झाली होती.

याउलट, जेथे यंत्रणा स्त्रीच्या वाटेवर उभी राहिली तेथे परिणाम दिसला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस आवारातच बसू लागल्या. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका व ‘सेहत’ यांनी ‘दिलासा’ केंद्र उभारले. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीला मलमपट्टीपलीकडचे प्रश्न तेथे विचारले जाऊ लागले. २०१५ पासूनच्या ‘सखी’ केंद्रांत पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. पाच दिवसांनंतर काय, याचे उत्तर पुन्हा निवास आदेशाकडेच येऊन थांबते.

महाविद्यालयाच्या आवारात

विवाहित विद्यार्थिनीची उपस्थिती अचानक घटणे, परीक्षा अर्ज भरूनही ती न बसणे, हे अनुभव प्राध्यापकांना नवे नाहीत. अध्यापक कक्षातील एखादी सहकारी हातावरचे वळ बाहीखाली झाकत असेल, ही शक्यताही नाकारता येत नाही. कलम ४ नुसार हिंसा घडत असल्याची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकते आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. अर्थात हे पाऊल त्या स्त्रीला विचारूनच टाकावे. तिच्या परस्पर झालेल्या चौकशीची किंमत त्या रात्री तिलाच मोजावी लागते. महिला विकास कक्षाजवळ तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव, १८१ ही साहाय्यवाणी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता असणे ही किमान तयारी होय.

घर सोडून आलेल्या विद्यार्थिनीची पहिली अडचण पुष्कळदा अगदी साधी असते. गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधारपत्र सारे सासरच्या कपाटात राहिलेले असते आणि प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. कलम १९ (८) अन्वये स्त्रीधनाबरोबरच तिच्या हक्काच्या अन्य वस्तू व दस्तऐवज परत करण्याचा आदेश मागता येतो, आणि कलम १९ मधील आदेशांच्या अंमलबजावणीसाठी पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास साहाय्याचे निर्देश देता येतात. तो आदेश येईपर्यंत कार्यालयातील मूळ नोंदवहीवरून तात्पुरता प्रवेश देणे प्राचार्यांच्या अखत्यारीत ठेवता येईल.