बाबासाहेबांनी लढवलेला आरोग्याचा एक खटला

र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ साली सुरू झाले. घरात कोणाला विचारता येत नाहीत असे लैंगिक प्रश्न वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांवरच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील ठरत नाही. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाप्रमाणे ही ओढ काहींना जन्मतःच असते, मग त्यात वावगे काय, असे त्यांचे म्हणणे होते. खटला हरला, कर्वेंना २०० रुपये दंड झाला. जयंतीच्या भाषणांत महाड येते, काळाराम येते. हा खटला क्वचितच येतो.

तो आपल्या वस्तीत यायला हवा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोहगडवाडीच्या वाटेवर पुण्यामुंबईची गर्दी असते. त्यात अशी जोडपीही असणारच. इथे त्यांना कोणी ओळखत नाही. वाडीतल्या पोराला ती सोय नाही. मळवलीहून लोकल धरून पुण्याला गेला तर घटकाभर मोकळा होतो. पण तिथे भाड्याने खोली बघायला गेला की पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून जात कळते, चालण्या-बोलण्यावरून दुसरे कळते, आणि दोन्हींनी दार बंद होते. शहरातल्या क्वीअर मंडळींत जातीचे नाव निघत नाही आणि आपल्या सभेत याचे, ही दलित क्वीअर कार्यकर्त्यांची तक्रार आम्हाला खरी वाटते. वंचित बहुजन आघाडीने तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले, हा चांगला अपवाद.

घरात कळले की काय होते? देवऋषी, मारझोड, नाहीतर घाईने लग्न. लग्नाने ओढ बदलत नाही; दुसऱ्या घरच्या लेकीचा संसार मात्र त्यात जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अंगारा बांधावा, हे तर आम्हाला मुळीच पटत नाही.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरे करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून यावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे उपचार गैरवर्तन ठरवले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात भेदभाव करू नये म्हणून जी यादी दिली आहे, तिच्यात जात आणि लैंगिक कल एकाच ओळीत आहेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा आधार घेतला तो बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा.

रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास या विषयाला द्या. प्रश्न बिननावाच्या चिठ्ठीवर घ्या, म्हणजे आयाबायाही विचारतील. कोणा पोराकडे बोट दाखवू नका, कोणाचे गुपित फोडू नका. पोर गप्प झाले, जेवण तुटले, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, तर एकटे सोडू नका. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते.