परस्पर संमतीने घटस्फोट : रत्नागिरीतून अर्ज करताना

कायदा : हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३-ब (१९७६ च्या दुरुस्तीने समाविष्ट). विशेष विवाह कायद्याखालील लग्नासाठी कलम २८.

अर्ज कुठे : लग्न रत्नागिरीत झालं असेल किंवा शेवटचा एकत्र संसार इथे असेल, तर दोघंही आज मुंबईत राहत असली तरी अर्ज इथे करता येतो. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर.

मुदती
• अर्जापूर्वी किमान १ वर्ष विभक्त. छप्पर वेगळं असायलाच हवं असं नाही. पती-पत्नी म्हणून सहजीवन थांबलेलं हवं.
• संयुक्त अर्जानंतर (पहिला टप्पा) ६ महिने थांबून, १८ महिन्यांच्या आत दुसरा टप्पा.

हे सहा महिने अटळ नाहीत, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (सर्वोच्च न्यायालय, १२ सप्टेंबर २०१७) या निकालानुसार अर्जाआधीच दीड वर्ष विभक्तपणे गेलं असेल, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचा खरा निपटारा झाला असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. माफीचा अर्ज पहिल्या टप्प्यानंतर आठवड्याने करता येतो.

संमती : हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही मागे घेता येते (सुरेष्टा देवी निकाल, १९९१).

सोडचिठ्ठी : स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहून दिली म्हणजे घटस्फोट झाला, असं नाही. समाजाची तशी रूढी न्यायालयात सिद्ध झाली, तर तेवढाच अपवाद.

मोफत वकील : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.