बोलण्यातून उपचार

उदास माणसाला 'जरा मन रमवा' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. सल्ला वाईट नसतो; पण नेमके कशाने या माणसाचे मन रमेल, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. संवादोपचाराचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.

गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने अशा उपचाराची एक सोपी पद्धत सिद्ध केली. नैराश्यात माणूस एकेक काम सोडतो, लोकांना टाळतो. त्यामुळे आनंदाचे क्षण घटतात आणि उदासी अधिकच दाटते. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशक रुग्णाची दिनचर्या समजून घेतो. कोणत्या वेळी मन अधिक खचते, हे दोघे मिळून पाहतात. मग एखादीला शेजारणीकडे जाणे सुचते, तर एखाद्याला ओसाड पडलेली परसबाग आठवते. उत्साह येण्याची वाट न पाहता लहानसे काम आधी करायचे, हे यातील मर्म. अशा ६ ते ८ भेटी होतात.

हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनंतर नैराश्यातून सावरलेल्यांचे प्रमाण हा उपचार मिळालेल्यांत ६४ टक्के, तर केवळ केंद्रातील वैद्यकीय सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के होते. म्हणजे गुण सर्वांनाच आला नाही. आत्महत्येचे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.