घाम वाळण्याआधी

रमजानचा तिसरा अशरा लागला की कापडाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. एका ड्रेससाठी वीस-पंचवीस पीस उघडले जातात आणि गिऱ्हाईक ‘उद्या येते’ म्हणून निघून जाते. काउंटरमागचा रोजेदार सेल्समन हसतमुखाने पुन्हा घड्या घालतो. मगरिबच्या अजानला तो खजूर तोंडात टाकायला आत जातो, तेव्हा त्याचे काउंटर हिंदू सहकारी सांभाळतो. दिवाळीत ही परतफेड होते. गर्दी वाढली की गल्ला सोडून स्वतः तागे उतरवणारे मालकही आपल्या बाजारात आहेत.

कष्टाची अशी कदर इस्लामच्या इतिहासात ठळक आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) तरुणपणी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन सीरियाकडे व्यापाराला गेले. सोबतच्या मैसरा या सेवकाने परतल्यावर त्यांच्या सचोटीची हकीकत मालकिणीला सांगितली. खदीजांनी ती मनापासून ऐकली. पुढे त्याच विश्वासातून दोघांचा निकाह झाला.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांचीच शिकवण. म्हणून पगार ईदच्या आधी हातात पडावा. आणि बसायला एक स्टूलही मिळावे. दुकानातील कामगारांचा बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये, तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात आणला. त्यासाठी आपल्या मालकांनी कायद्याची वाट कशाला पाहावी?

गिऱ्हाइकांनीही एवढे करावे : अजानच्या वेळी नवा तागा उघडायला सांगू नये.