रक्तात जंतू : माग कसा काढतात?

पावस गावचा अत्यवस्थ रुग्ण सुमारे २० किलोमीटरवरच्या रत्नागिरीला, प्रसंगी पुढे कोल्हापूर-मुंबईच्या अतिदक्षता विभागात जातो. तिथे मानेच्या शिरेत घातलेली नळी औषध पोचवते, तशीच जंतूंनाही वाट देते. थोड्याच दिवसांत दोन-तीन रुग्णांच्या रक्तात एकच, एरवी क्वचित दिसणारा जंतू सापडला, की साथ समजून शोध सुरू करायचा. कोण कधी दाखल झालं, कुणाला काय टोचलं, ही यादी आधी. मग सलाइन, औषधं, सिंक यांचे नमुने. मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या केमोथेरपी विभागात ‘बर्खोल्डेरिया सेपेशिया’ या जंतूचा असा माग काढला, तेव्हा जंतू निघाला उलटी थांबवणाऱ्या इंजेक्शनमध्ये, तोही कारखान्यातूनच आलेला! अशा वेळी नुसतं हात धुणं पुरत नाही. तो साठाच बाजूला काढावा लागतो.

एरवी मात्र साधी पथ्यंच कामी येतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अशी पाच पथ्यं काटेकोर पाळल्याने नळीचा संसर्ग १८ महिन्यांत सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. त्याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरज संपताच नळी काढणं, हे त्या पथ्यांतलंच एक. आपलं माणूस अतिदक्षता विभागात असेल, तर डॉक्टरांना रोज विचारा : नळी अजून लागतेय का?