गल्ला आणि शिल्लक

शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवारच्या वर्तमानपत्रात तीन दिवसांचा आकडा येतो: अमुक चित्रपटाने इतक्या कोटींचा गल्ला जमवला. पेढीवर, जेवणाच्या पंगतीत, लग्नसमारंभात तो आकडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि जाता जाता त्याचा अर्थही बदलतो. ‘चित्रपटाने शंभर कोटी केले’ याचे संध्याकाळपर्यंत ‘निर्मात्याने शंभर कोटी कमावले’ असे होऊन बसते. नवल असे की, ज्यांचे सारे आयुष्य रोजकीर्द आणि खतावणीत गेले, अशी माणसेही ही चूक बिनदिक्कत करतात. शेजारच्या किराणा दुकानात दिवसाकाठी ५० हजारांची विक्री झाली म्हणून दुकानदाराने ५० हजार मिळवले, असे कोणताही व्यापारी म्हणणार नाही. मालाची खरेदी, गाळ्याचे भाडे, नोकरांचे पगार, हमाली, व्याज हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहते. चित्रपटाची गोष्ट निघाली की मात्र ही सवय कुठे जाते, कोण जाणे.

वास्तविक ‘गल्ला’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. दुकान बंद करताना गल्ल्यात जी रक्कम असते, तिच्यात सरकारचे असते, घाऊक व्यापाऱ्याचे असते, घरमालकाचे असते. त्यातून उरेल ते आपले. चित्रपटाचा गल्ला तर एका दुकानाचाही नसतो. तो हजारो पडद्यांचा असतो, आणि त्यातले एकही चित्रपटगृह बहुधा निर्मात्याच्या मालकीचे नसते.

एकच तिकीट घेऊन पाहावे. प्रेक्षकाने खिडकीवर २३६ रुपये दिले. त्यातले ३६ रुपये वस्तू व सेवा कराचे. १०० रुपयांवरील तिकिटाला हा कर १८ टक्के आहे. (१०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे.) करासह होणाऱ्या आकड्याला या धंद्यात ग्रॉस म्हणतात, कर वजा जाता उरणाऱ्या २०० रुपयांना नेट. वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींत कधी एक आकडा छापला जातो, कधी दुसरा, आणि पुष्कळदा कोणता ते सांगितलेच जात नाही. परदेशातील उत्पन्न त्यात मिसळले की तिसराच, सर्वांत मोठा आकडा तयार होतो. जाहिरातीसाठी अर्थातच तोच सोयीचा.

उरलेल्या २०० रुपयांची वाटणी चित्रपटगृह आणि वितरक यांच्यात होते. ही वाटणी कशी असावी यावरून २००९ साली मोठा तंटा झाला होता. निर्माते आणि वितरक यांनी एप्रिलपासून सुमारे दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे हिंदी चित्रपट दिलेच नाहीत. जूनमध्ये तडजोड झाली ती अशी: नेट उत्पन्नातून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. चित्रपट फार चालला किंवा फारच पडला तर त्यात थोडा फेरफार. म्हणजे चित्रपट जितका जुना होत जातो, तितका त्याच्या मालकाचा वाटा घटतो आणि चित्रपटगृहाचा वाढतो. पहिल्या तीन दिवसांसाठी इतका गाजावाजा का करतात, चित्रपट एकाच वेळी हजारो पडद्यांवर का झळकवतात, याचे एक कारण या कोष्टकात दडलेले आहे.

आता हेच गणित मोठ्या रकमेवर मांडावे. उदाहरणादाखल एका चित्रपटाचा गल्ला ११८ कोटी धरू आणि सर्व तिकिटे १०० रुपयांवरची मानू. कराचे १८ कोटी गेले, नेट १०० कोटी राहिले. त्यांपैकी पहिल्या आठवड्यात ६० कोटी, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात १० आणि पुढे ५ कोटी आले असे समजू. वरच्या दराने वितरकाच्या हाती अनुक्रमे ३० कोटी, १० कोटी ६२ लाख ५० हजार, ३ कोटी ७५ लाख आणि १ कोटी ५० लाख पडतील. एकूण ४५ कोटी ८७ लाख ५० हजार. धंद्याच्या भाषेत याला ‘शेअर’ म्हणतात आणि जाणती माणसे आपसांत बोलताना याच आकड्याने बोलतात. यातूनही प्रसिद्धीचा खर्च, डिजिटल प्रक्षेपणासाठी भरावी लागणारी व्हर्च्युअल प्रिंट फी आणि वितरकाचे कमिशन जायचे आहे. हाच चित्रपट ५० कोटींत तयार झाला असेल, त्यातले ३० कोटी दरसाल दरशेकडा १८ दराने दोन वर्षांसाठी उचललेले असतील, तर नुसते सरळ व्याजच १० कोटी ८० लाख होते. भित्तिपत्रकावर ‘शंभर कोटी’ झळकत असताना चित्रपटगृहांच्या उत्पन्नापुरता हा निर्माता तोट्यात असतो.

‘शंभर कोटींचा क्लब’ ही शब्दयोजना २००८ च्या नाताळात प्रदर्शित झालेल्या ‘गजनी’पासून हिंदीत रूढ झाली. क्लब हा शब्द चांगला निवडला. आत जाणाऱ्याच्या खिशात काय आहे, हे दारावर कोणी विचारत नाही.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्यापूर्वी करमणूक कर राज्यांच्या अखत्यारीत होता. महाराष्ट्रात हिंदी चित्रपटावर तो ४५ टक्क्यांपर्यंत असे, तर मराठी चित्रपट करमुक्त होता. एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ने महाराष्ट्राला वेड लावले, त्या वेळी मराठी तिकिटाच्या ग्रॉस आणि नेटमध्ये म्हणण्यासारखे अंतर नव्हते. नव्या कराने ही सवलत संपली. म्हणून २०१७ च्या आधीचा मराठी आकडा आणि नंतरचा मराठी आकडा शेजारी ठेवून ‘कोण पुढे’ असा वाद घालणे म्हणजे कर भरलेल्या आणि न भरलेल्या मालाचे भाव एकाच ओळीत लिहिण्यासारखे आहे.

आतापर्यंत वितरक हा एकच माणूस धरला. तसे नेहमी नसते. हिंदी चित्रपटाच्या व्यापारासाठी देशाचे विभाग फार पूर्वी पडले आणि त्यांची नावे आजही ब्रिटिश अमदानीतली आहेत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड ही राज्यरचना इतिहासजमा होऊन कित्येक दशके लोटली, तरी चित्रपट व्यवसायात ‘सी.पी. बेरार’ जिवंत आहे. हैदराबादच्या आसपासचा मुलूख ‘निझाम’ आहे आणि कर्नाटकाचा भाग ‘म्हैसूर’. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील नाझ इमारत ही वितरकांची मोठी पेठ होती. अमरावती आणि भुसावळ या गावांतही वितरणाच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. भुसावळचे रेल्वे जंक्शन पाहता त्याचे आश्चर्य वाटू नये. रिळांच्या पेट्या सिनेमागृहापर्यंत वेळेवर पोहोचवणे हा तेव्हा व्यवसायाचा निम्मा भाग होता.

या वितरकाने चित्रपट तीन प्रकारे घ्यावा: नुसत्या कमिशनवर, परत मिळणारी उचल देऊन, किंवा किमान हमी भरून. पहिल्या प्रकारात तो अडत्या असतो, दुसऱ्यात सावकार, आणि तिसऱ्यात खरा खरीदार. किमान हमीत ठरलेली रक्कम निर्मात्याला आधीच पोहोचते. चित्रपट चालला तर वितरक आपली रक्कम, खर्च आणि कमिशन काढून घेतो आणि वर वाहील ते दोघे वाटून घेतात. त्याला ‘ओव्हरफ्लो’ असे सार्थ नाव आहे. चित्रपट पडला तर तोटा वितरकाचा. त्यामुळे मुंबईचा निर्माता सुखरूप सुटलेला आणि अमरावतीचा वितरक बुडालेला, असे एकाच चित्रपटात घडू शकते. चित्रपट ‘हिट’ की ‘फ्लॉप’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी, कोणाच्या वहीत, हे विचारावे लागते.

वितरणाची ही बाजू ज्यांना अंतर्बाह्य ठाऊक होती, त्यांत ताराचंद बडजात्या यांचे नाव घ्यावे लागते. राजस्थानातील कुचामणचे हे गृहस्थ चित्रपट व्यवसायात उमेदवारी करून वर आले आणि १९४७ साली त्यांनी ‘राजश्री’ची स्थापना केली. आरंभी ही पेढी वितरणाची होती. तिची पहिली निर्मिती ‘आरती’ १९६२ साली आली आणि ‘दोस्ती’ १९६४ साली. दुसऱ्यांचे चित्रपट गावोगाव विकून कोणता माल किती खपतो हे आधी पाहिले आणि मग स्वतःचा माल तयार केला, असा हा क्रम आहे. ताराचंदजींच्या पश्चात १९९४ साली ‘हम आपके हैं कौन..!’ आला, तेव्हाही या घराण्याने धंद्याच्या रूढ वाटेने जाण्याचे नाकारले. चित्रपट सुरुवातीला मोजक्याच चित्रपटगृहांत लावला, तिकीटदर चढे ठेवले आणि व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊ दिली नाही. घरोघरी चोरून कॅसेट पाहण्याच्या त्या काळात सहकुटुंब माणसे पुन्हा चित्रपटगृहाकडे वळली. या यशाची चर्चा होते ती गाण्यांची आणि लग्नसोहळ्यांची. कॅसेट रोखून धरण्याच्या निर्णयाची फारशी होत नाही.

जुन्या पिढीचा भ्रम वेगळा होता. त्या काळी कोटी मोजत नसत, आठवडे मोजत. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. आठवडे म्हणजे प्रेक्षक, असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात चित्रपटगृह ठराविक साप्ताहिक भाड्याने घेतले की, खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चित्रपट चालू ठेवता येत असे. महोत्सवाची पाटी लागावी म्हणून निर्माते पदरचे भाडे भरत. म्हणजे काही महोत्सव प्रेक्षकांनी साजरे केले आणि काही निर्मात्यांच्या खर्चाने झाले. याउलट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ पहिल्या काही दिवसांत धंद्यातील जाणकारांनी पडला म्हणून सोडून दिला होता. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ होता. त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि गाण्यांसारख्या खपल्या; हे उत्पन्न गल्ल्याच्या कोणत्याच आकड्यात येत नाही.

या ‘बाहेरच्या’ उत्पन्नानेच आजचे चित्र पालटले आहे. गाण्यांचे हक्क, दूरचित्रवाणीचे हक्क, ओटीटीचे हक्क, दुसऱ्या भाषेत चित्रपट करण्याचे हक्क यांचे सौदे कित्येकदा प्रदर्शनापूर्वीच होतात. म्हणून वर्तमानपत्राने ‘आपटला’ म्हणून निकालात काढलेल्या चित्रपटाचा निर्माता शांत झोपलेला असू शकतो. आणि दरवर्षी ‘आजवरचे सर्व विक्रम मोडले’ अशी जी बातमी येते, तिच्यात तिकिटाची दरवाढ किती आणि माणसे किती, याची फोड क्वचितच असते. दोन-तीन रुपयांच्या तिकिटाचा काळ आणि तीनशे रुपयांच्या तिकिटाचा काळ यांची तुलना रुपयांत होऊ शकत नाही, हे सोन्याचा भाव रोज पाहणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

गल्ल्याचा आकडा एक गोष्ट मुळीच सांगत नाही: पैसा केव्हा आला. गीतकार शैलेंद्र यांनी फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवर ‘तीसरी कसम’ काढायला घेतला. राज कपूर आणि वहिदा रेहमान यांच्यासारखी माणसे, शंकर-जयकिशन यांचे संगीत. कागदावर सारे भक्कम होते. पण काम वर्षानुवर्षे लांबले, कर्ज वाढत गेले आणि १९६६ साली प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट चालला नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला शैलेंद्र गेले. वय अवघे ४३. त्यानंतर या चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि रसिक तो आजही आवडीने पाहतात. राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ १९७० साली पडला आणि त्यांची मालमत्ता गहाण पडली, पण त्यांच्याजवळ स्टुडिओ होता, नाव होते, पुढचा डाव मांडण्याची ऐपत होती. १९७३ च्या ‘बॉबी’ने त्यांना सावरले. ‘जोकर’नेही पुढे लोकांची मने जिंकली. शैलेंद्र यांच्यापाशी दुसरा डाव मांडण्याइतका अवधी उरला नव्हता.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. चित्रपटांत आणि वेब मालिकांत भाग घेण्याचे प्रस्ताव आता गावोगावच्या व्यापारी घरांतही येऊ लागले आहेत. घरातील तरुण मंडळी ते उत्साहाने आणतात. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर बहुधा एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा खर्च आणि त्याचा गल्ला शेजारी शेजारी छापलेला असतो. दिवाणखान्यात बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला ना नटांची नावे ठाऊक असतात, ना ओटीटी म्हणजे काय ते. तरी त्याने चश्मा पुसून आपल्या नेहमीच्या धंद्यातले प्रश्न विचारावेत. हा आकडा करासह की करावेगळा? यातला शेअर किती? दूरचित्रवाणीचे आणि ओटीटीचे हक्क अजून हातात आहेत, की ते आधीच कोणाकडे गहाण टाकून पैसा उचलला आहे? चित्रपट लांबला तर वाढीव खर्च आणि व्याज कोणी सोसायचे? आणि पैसा येऊ लागला म्हणजे पहिला कोण घेणार, दुसरा कोण, आणि आपला नंबर कितवा?