उपग्रहचित्रातील शेताचा आकार

उपग्रहाने टिपलेल्या रंगीत चित्रात आपणांस शेताचा बांध दिसतो. संगणकास मात्र केवळ आकड्यांच्या ओळी दिसतात. चित्र लहान चौकोनी ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलांचे, बनलेले असते. सामान्य रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे ० ते २५५ पर्यंतचे तीन आकडे असतात. हे आकडे जेथे एकाएकी बदलतात, तेथे कडा आहे असे संगणक मानतो. म्हणूनच शेजारच्या दोन शेतांत एकाच वेळी पेरलेले सोयाबीन असल्यास अरुंद बांध चित्रात लोपतो.

एक ठिपका, एक आर

२०१५ पासून सोडण्यात आलेल्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांत या तीन रंगांचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १ आर असतो. ६० मीटर लांबी-रुंदीचे शेत ३६ आर भरते. परंतु ठिपक्यांची जाळी दोन्ही दिशांनी अर्ध्या ठिपक्याने सरकलेली असल्यास केवळ २५ ठिपके पूर्णतः शेतात येतात. उरलेल्या २४ ठिपक्यांत शेजारचा बांध, वाट वा पीक मिसळते. १८० मीटर लांब व २० मीटर रुंद पट्टीही ३६ आरच. तथापि तिच्यात अशा वेळी अवघे १७ ठिपके निर्भेळ राहतात. वाटण्यांमुळे झालेल्या चिंचोळ्या पट्ट्यांतील पीक चित्रावरून ओळखताना चूक होते ती यामुळेच.

कोपऱ्यांची नोंद

आकार नोंदविण्याची दुसरी रीत म्हणजे शेताच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश क्रमाने लिहिणे. यात रंगाचा संबंध येत नाही. मात्र काळजी हवी. वरील पट्टीची रुंदी २ मीटरने कमी नोंदली गेली, तर क्षेत्र ३.६ आरने घटते. चौरस शेतात तेवढ्याच चुकीने १.२ आरच घटते.

याकरिता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. बांधावरून एकाच दिशेने फिरून प्रत्येक कोपरा क्रमाने नोंदवावा. क्रम चुकल्यास रेषा एकमेकींस छेदतात व क्षेत्र चुकते.

२. झाडाखाली उभे राहून नोंद घेऊ नये. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलच्या नोंदीत काही मीटरांचा फरक पडू शकतो.

३. आलेले क्षेत्र शेतकऱ्यासमक्ष सात-बाराशी ताडून पाहावे. मोठी तफावत आढळल्यास पुन्हा फेरी मारावी.

चित्रावरील रेषा ही हद्दीची मोजणी नव्हे, हे शेतकरी बंधूंनीही ध्यानात ठेवावे. हद्दीचा वाद असल्यास भूमि अभिलेख खात्याकडून रीतसर मोजणी करून घेणेच इष्ट होय.